घरची जुनी जीप : सुधारणा आणि निगा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह, विवाहातील अनिष्ट चाली अशा गंभीर विषयांवर अनेक वक्त्यांनी विचार मांडले आहेत. त्या मालिकेत 'घरची जुनी जीप कशी सुधारावी आणि कशी राखावी' हा विषय आपणांस काहीसा ओबडधोबड वाटेल. व्याख्यानासाठी उभा राहिलेला मनुष्य ग्रीसने माखलेल्या हाताने आला की काय, अशी शंकाही एखाद्याच्या मनात येऊन जाईल. परंतु चिटणीसांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा पुष्कळ विचार करून मी हाच विषय घेतला. आपल्या जिल्ह्यात ज्या घरी थोडीबहुत शेती आहे आणि चार पैसे गाठीस आहेत, त्या घराच्या अंगणात बहुधा एक जुनी बोलेरो, सुमो किंवा त्याहूनही जुनी महिंद्राची जीप उभी असते. तिला हल्ली एसयूव्ही म्हणतात. आपण आपले सरसकट 'जीप' म्हणतो. लग्नाचे वऱ्हाड तिच्यातून जाते, बाळंतीण तिच्यातून घरी येते, खताची पोती तिच्यात पडतात आणि अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाचा रस्ता तीच धरते. घरातील सर्वांचे प्राण एकाच वेळी आपण जिच्या हवाली करतो, तिच्याविषयी आपली माहिती मात्र किल्ली फिरविणे आणि डिझेल भरणे यापलीकडे सहसा जात नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम हे वाहन आपल्या जिल्ह्यात इतके का रुजले, याचा थोडा विचार करू. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी आहे, दक्षिणेस मांजरा आहे आणि मधून बालाघाटची रांग गेली आहे. आष्टी, पाटोदा, धारूर, केज या भागांत फिरलेल्यास चढउतार म्हणजे काय ते सांगावयास नको. निजामी अमलात १९३२ साली हैदराबाद संस्थानाच्या रेल्वे व रस्ता वाहतूक खात्याने बसगाड्या सुरू केल्या. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला. पुढे राज्य परिवहनाची लाल गाडी खेड्यांपर्यंत पोहोचली. परंतु परळीला आगगाडी असतानाही जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीडला ती पाहावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी अहिल्यानगरहून बीडपर्यंतचा मार्ग खुला झाला. एवढ्या दीर्घ काळात जेथे एस.टी. पोहोचत नव्हती, अथवा पोहोचून परत गेलेली असे, तेथे मनुष्य जीपवर विसंबून राहिला.

ही जीप मूळची युद्धातील. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी ती बनविली आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढे तिच्यात डिझेलचे इंजिन आले आणि ती शेतकऱ्याच्या खिशाला परवडू लागली. १९९४ मध्ये टाटांनी सुमो आणली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील व आडनावातील आद्याक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले गेले, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. २००० साली बोलेरो आली. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तरीही तिचे वंशज आपल्या वस्त्यांवरून अद्याप धावत आहेत. पुण्या-नगरकडे दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी आपल्याकडे येते आणि येथे तिचे दुसरे आयुष्य सुरू होते.

या गाड्यांचा मोठा गुण असा की त्या समजतात. खाली लोखंडी चासीची शिडी, तिच्यावर ठेवलेला सांगाडा, पुढे इंजिन, मागे कमानीचे पाटे, असा सरळ संसार. नव्या मोटारीचे झाकण उघडले तर काळ्या प्लॅस्टिकच्या आवरणाखेरीज काही दिसत नाही. जुन्या जीपचे झाकण उघडले की प्रत्येक अवयवाचा पत्ता सापडतो. म्हणूनच तिची बरीचशी निगा घरी राखणे शक्य आहे. परंतु तिचे दोषही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. ती उंच आहे, म्हणून वळणावर लवकर कलंडते. ती जड आहे, म्हणून थांबण्यास अधिक अंतर घेते. नव्या मोटारींना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली; त्यापूर्वीच्या आपल्या बहुतेक गाड्यांत या दोहोंपैकी काहीही नाही. याचा अर्थ, नव्या गाडीत यंत्र जेवढी काळजी घेते तेवढी जुन्या गाडीत मालकाने स्वतः घ्यावयाची आहे.

येथेच मला आजचा मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. जुनी गाडी सुधारणे म्हणजे तिला तरुण भासविणे नव्हे. आपली मुले गाडी घरी आली की प्रथम पुढे जाडजूड बंपर लावतात, रुंद चाके चढवितात, कर्कश भोंगा बसवितात, काचेवर ठळक अक्षरांत नाव लिहितात आणि मागे ढोलासारखे स्पीकर ठेवतात. हा सारा पैसा गाडी दिसावी म्हणून जातो. माझे म्हणणे असे की खर्चाचा क्रम उलटा असावा. पहिला पैसा गाडी थांबावी म्हणून, दुसरा रात्री दिसावे म्हणून, तिसरा आत बसलेला मनुष्य जागेवर राहावा म्हणून. आणि या तिन्ही गोष्टी झाल्यानंतर उरलेला पैसा हौसेसाठी. हा क्रम जो पाळील त्याची पंधरा वर्षांची गाडीही विश्वासाची राहील. जो मोडील त्याची चमकणारी गाडीदेखील धोक्याची ठरेल.

थांबण्यापासून आरंभ करू. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. हा निसर्गाचा नियम आहे. त्यास वशिला चालत नाही. ब्रेकच्या टाकीतील द्रव, ज्याला आपण ब्रेक ऑईल म्हणतो, ते वस्तुतः तेल नाही. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ जातीचा द्रव कोरडा असताना २०५ अंशांवर उकळतो, परंतु ओलावा शोषून जुना झाला म्हणजे तो १४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतो. घाट उतरताना ब्रेक तापतात, द्रवाची वाफ होते आणि पाय टेकला तरी पेडल नुसते खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी हा द्रव पूर्ण बदलून घ्यावा. पातळी कमी दिसली म्हणून त्यात इंजिनाचे तेल ओतणारे महाभागही असतात; त्याने आतील रबरी भाग फुगून सारी यंत्रणा निकामी होते. घरी आपण काय करावे? दर आठवड्यास टाकीतील पातळी पाहावी, रंग काळपट झाला का ते पाहावे, चारही चाकांच्या आतील बाजूस ओल आली आहे का ते पाहावे. काही संशय आला तर गाडी जाणत्या मेस्त्रीकडे न्यावी. चाकातील ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसास घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते.

मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कोणत्याही उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची, काही वेळा इंजिनच बंद करण्याची सवय अनेकांस आहे. तिचा परिणाम नीट समजून घ्या. ब्रेकवर पायाचा जोर वाढविणारे जे साधन असते, त्यास निर्वात पोकळीचे बळ लागते. डिझेल गाडीत ही पोकळी एक छोटा पंप निर्माण करतो आणि आपल्या पुष्कळशा जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीस जोडलेला असतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. एक-दोनदा ब्रेक लागतात आणि मग पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. यातूनच आणखी एक धडा घ्यावा. अल्टरनेटर ज्या पट्ट्याने फिरतो तोच पट्टा बहुधा रेडिएटरचे पाणी फिरविणारा पंपही चालवितो. एका फॅनबेल्टवर बॅटरी, पाणी आणि ब्रेक असे तीन संसार अवलंबून असतात. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर 'बॅटरीचे पुढे पाहू' असे म्हणून गाडी दामटू नये. खालचा गिअर घालून, वेग कमी करून, कडेस थांबावे. पट्ट्यास भेगा पडल्या आहेत का हे महिन्यातून एकदा पाहावे आणि एक नवा पट्टा व तो बदलण्यापुरते पाने नेहमी आसनाखाली ठेवावे. हा खर्च एका वेळच्या हॉटेलातील जेवणाहून फारसा अधिक नाही.

टायरविषयी दोन शब्द. टायरच्या कडेस चार अंकांचा आकडा असतो. '२३१९' असा असला तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. नक्षी शिल्लक असली तरी उन्हातान्हात रबर म्हातारे होते. जुना टायर 'अजून चांगला दिसतो' म्हणून घेऊ नये. नक्षीच्या खाचेत तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. झीज त्यांच्यापर्यंत आली की टायर उतरवावा. पुन्हा रबर चढविलेला टायर पुढच्या चाकास कदापि लावू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे भरावी. ज्यांना मोठी चाके लावण्याची हौस आहे त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की चाकाचा घेर वाढला की वेगमापक खरा वेग दाखवीत नाही; काटा ऐंशीवर असताना गाडी त्याहून अधिक वेगाने धावत असते. शिवाय बेअरिंगांवर व स्टिअरिंगवर त्यांनी न पेलण्याजोगा भार येतो.

दुसरी गोष्ट दिसण्याची. ऊसतोडीच्या हंगामात आपले रस्ते रात्री कसे असतात हे येथे बसलेल्या प्रत्येकास माहीत आहे. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली, रस्त्याच्या कडेस चाक निखळून उभी असलेली बैलगाडी, पहाटेच्या धुक्यात परतणारे मजूर. समोरचा अडथळा क्षणभर आधी दिसला तर दोन्हीकडची माणसे वाचतात. जुन्या गाडीचा उजेड मंद झाला की लोक शंभर वॅटचा बल्ब आणून बसवितात. त्याने मूळची ६०/५५ वॅटसाठी केलेली तार वितळते, काचेमागील परावर्तक काळवंडतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. खरा उपाय स्वस्त आहे. जुन्या तारांत, स्विचांत आणि गंजलेल्या जोडांत विजेचा दाब मध्येच कमी होतो आणि बल्बपर्यंत पुरता पोहोचत नाही. बॅटरीपासून थेट जाड तार, मध्ये फ्यूज आणि रिले, आणि चासीस घट्ट बसविलेला अर्थिंगचा जोड, एवढे केले की तोच मूळ बल्ब पुन्हा नव्यासारखा उजेड देतो. मागे भार अधिक असला की पुढचे तोंड वर होते व प्रकाशाचा झोत आभाळाकडे जातो. लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी भिंतीसमोर गाडी उभी करून झोत पाहून घ्यावा. वायपरचे रबर पावसाळ्यापूर्वी दरवर्षी बदलावे. मागील लाल दिवे आणि ब्रेकचे दिवे स्वतः मागे उभे राहून पाहता येत नाहीत. त्यासाठी घरातील मुलास उभे करावे आणि तेवढ्या निमित्ताने त्यासही शिकवावे.

तिसरी गोष्ट आसनपट्ट्याची. येथे मी एका दुःखद घटनेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. परळी तालुक्यातील नाथ्रा या खेड्यातून निघून देशाचे ग्रामविकासमंत्री झालेले गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत मोटारीच्या मागील आसनावर बसून विमानतळाकडे जात असता अपघातात मरण पावले. मंत्रिपदाची शपथ घेऊन तेव्हा आठ-नऊ दिवसच झाले होते. मागील आसनावरील पट्टा लावलेला असता तर त्यांचे प्राण वाचू शकले असते, असे त्या वेळचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी जाहीरपणे म्हटले होते. सारा जिल्हा त्या दिवशी हळहळला. परंतु त्या हळहळीतून आपण एवढा एक धडा घेतला काय? आजही आपल्या गाड्यांत मागील पट्टे आसनाच्या गादीखाली दडपून टाकलेले असतात. ते टोचतात म्हणून! मोटारवाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पट्टा न लावण्यास एक हजार रुपये दंड आहे, परंतु मी दंडाच्या भयाने हे सांगत नाही. गाडी आदळते तेव्हा मागे मोकळा बसलेला मनुष्य पुढे बसलेल्याच्या पाठीवर साऱ्या वेगानिशी जाऊन आपटतो. घरातील थोरला मागे आणि लेक पुढे असेल तर काय होईल याची कल्पना आपणच करावी.

सबब गादीखालचे पट्टे बाहेर काढावेत, साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, उसवलेले अथवा चिरलेले असल्यास कंपनीच्या मापाचे नवे बसवावेत. पट्ट्याचा बोल्ट मूळच्या मजबुतीच्या ठिकाणीच बसला पाहिजे. पातळ पत्र्यास भोक पाडून बसविलेला पट्टा म्हणजे केवळ मनाचे समाधान. पाठीमागील आडव्या बाकांवर मुलांना बसवू नये. ती जागा सामानाची मानावी. आणि नऊ माणसांच्या गाडीत सोळा माणसे भरून वऱ्हाड नेण्याचा जो पराक्रम आपण करतो, त्याचे वर्णन मी मुद्दामच करीत नाही. एक गाडी अधिक सांगितल्याने कोणाचे लग्न मोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता नित्याच्या निगेकडे वळू. इंजिनास चार गोष्टी हव्यात : स्वच्छ हवा, स्वच्छ तेल, स्वच्छ डिझेल आणि योग्य पाणी. आपल्याकडील कच्च्या रस्त्यांची धूळ ही इंजिनाची पहिली शत्रू. कागदी हवागाळणी असल्यास ती आतून बाहेर अशा दिशेने, बेताच्या हवेने झटकावी. पाण्याने अथवा डिझेलने कधीही धुऊ नये. फार जुन्या जीपमध्ये तेलाच्या वाटीची गाळणी असते. तिच्या तळाशी गाळ साचला की तेल बदलावे. इंजिनाचे तेल व त्याची गाळणी पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर, आणि धुळीत अधिक फिरणे असल्यास त्याआधीच, बदलावी. तेल काढताना इंजिन कोमट असावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून येतो. काढलेले तेल विहिरीकडे अथवा नाल्याकडे जाऊ देऊ नये. डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांपर्यंत पोहोचेल अशा गॅरेजकडे द्यावे. ज्या जिल्ह्यात घोटभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे पाण्याचा हा अपमान शोभत नाही.

पाण्यावरून आठवले. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची चाल फार वाईट. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा जड. त्यातील क्षार आत बसून चुलीवरच्या पातेल्यात धरतो तसा थर नळ्यांत धरतात. मग ऐन मे महिन्यात, बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन असताना, काटा लाल रेघेकडे धावतो आणि गॅस्केट उडते. दुकानात मिळणारा कूलंट व शुद्ध केलेले पाणी पुस्तिकेतील प्रमाणात मिसळून भरावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडून माणसे भाजतात. आतल्या पाण्यावर दाब असतो, म्हणून ते शंभर अंशांवरही शांत दिसते, आणि झाकण फिरविताच एकदम उसळते.

डिझेलच्या गाळणीच्या तळाशी पाणी साचते. तेथील बोल्ट सैल करून ते अधूनमधून काढून टाकावे. गाळणी बदलल्यावर नळीत हवा राहते व इंजिन सुरू होत नाही. हातपंपाने ती काढण्याची रीत जाणत्याकडून एकदा पाहून घ्यावी, म्हणजे मध्यरात्री वाटेत खोळंबा होणार नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा मोह धरू नये. इंजेक्शन पंपाच्या आतील भागांना वंगण डिझेलच देते, आणि रॉकेलने ते झिजतात. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन त्यांवर व्हॅसलीन लावावे. थंडीत गाडी उशिरा सुरू होऊ लागली तर बॅटरीस दोष देण्यापूर्वी ग्लो प्लग तपासावेत.

गाडीच्या खालच्या अंगाकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. वस्तुतः आपल्या रस्त्यांचा मार तेच अंग खाते. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला व पाट्यांच्या पिनांना ग्रीस देणे हे घरी करण्याजोगे काम आहे. ग्रीसगन एकदा घेतली की पिढीभर टिकते. पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट आहेत का, मधला बोल्ट तुटला नाही ना, रबरी बुश फाटले नाहीत ना, हे पाहावे. अधिक भार नेता यावा म्हणून जादा पाटा घालण्याची पद्धत आहे. परंतु पाटा वाढविल्याने ब्रेक वाढत नाहीत, ॲक्सल वाढत नाही, आणि चासी तर तीच राहते. पावसाळ्यात चिखलातून आलेली गाडी वरून पुसून खालून तशीच ठेवली तर चासीला गंज लागतो. पाण्याचा फवारा प्रथम खाली मारावा.

आता एक गोष्ट मी आग्रहाने, नव्हे, हात जोडून सांगतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. सपाट व टणक जागा, उरलेल्या चाकांपुढे-मागे दगड, आणि चासीखाली मजबूत लोखंडी घोडी, एवढे असल्यावाचून खाली जाऊ नये. विटांचा ढीग म्हणजे आधार नव्हे. वीट एकाएकी फुटते. गाडी दीड टनाहून अधिक वजनाची असते, आणि तिला आपले नाते कळत नाही. तसेच इंजेक्शन पंपाची जुळणी, चासीचे वेल्डिंग, स्टिअरिंगचे आतील काम आणि ब्रेक सिलिंडरची दुरुस्ती ही कामे घरी करू नयेत. घरची निगा म्हणजे मेस्त्रीस रजा देणे नव्हे. मेस्त्रीकडे वेळेवर आणि समजून जाणे होय.

कायद्याचेही भान ठेवले पाहिजे. मोटारवाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की नोंदणीपत्रातील, म्हणजे मूळ उत्पादकाने ठरविलेल्या, तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने पुढच्या जाड लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांस कळविले. ते गार्ड पायी चालणाऱ्यास घातक असतात आणि धडकेचा जोर सांगाड्यात जिरू न देता आत बसलेल्यांपर्यंत पोहोचवितात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ते १०,००० रुपये केले. जुनी गाडी राखण्याचा हिशेब करताना हा आकडा, विमा आणि पर्यावरण कर प्रथम मांडावा. चासी गंजून पोखरली असेल तर भावना बाजूस ठेवून गाडी नोंदणीकृत भंगारकेंद्रास द्यावी. म्हाताऱ्या बैलाविषयी आपणांस माया असते, ती योग्यच. परंतु लोखंडावर माया करताना आत बसणाऱ्या माणसांची माया विसरू नये.

शेवटी काही व्यवहार्य सूचना. प्रत्येक घराने गाडीची एक वही ठेवावी. तेल कोणत्या तारखेस व किती किलोमीटरवर बदलले, टायर केव्हा घेतले, ब्रेकचा द्रव केव्हा बदलला, सारे तीत लिहावे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे ही वही सोपवावी. मी मुद्दाम मुलींचेही नाव घेतो. पुरुषमंडळी ऊसतोडीस, नोकरीस किंवा बाजारास बाहेर असताना घरची गाडी अनेकदा तीच बाहेर काढते. तिला चाक बदलता यावे, लाल दिव्याचा अर्थ कळावा, हेही शिक्षणच आहे.

दुसरी सूचना मंडळास आहे. दोन चांगल्या लोखंडी घोड्या, टायरची हवा मोजण्याचे यंत्र, ग्रीसगन, विजेचा दाब मोजणारा मीटर आणि चाकाचे नट नेमक्या जोराने आवळणारा पाना, एवढे साहित्य प्रत्येक घराने घेण्याची आवश्यकता नाही. मंडळाने प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक संच ठेवावा आणि दसऱ्यापूर्वी एक रविवार गाड्यांच्या तपासणीसाठी द्यावा. आपल्या ज्ञातीत गॅरेज चालविणारे तरुण आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून आलेले आहेत. त्यांना त्या दिवशी मानाने बोलवावे. दसऱ्यास आपण गाडीला झेंडूचा हार घालतो व चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याआधी त्या चाकाचे नट आवळलेले असले तर पूजेस अर्थ राहील.

आपण समाजाच्या उन्नतीच्या गोष्टी बोलतो, ते उचितच आहे. परंतु समाज म्हणजे अखेर घरोघरची माणसे, आणि ती माणसे सायंकाळी सुखरूप घरी परतली पाहिजेत. त्यासाठी श्रीमंती लागत नाही. आठवड्यातून अर्धा तास, थोडी माहिती आणि खर्चाचा योग्य क्रम एवढेच लागते.